कलमाला एक न्याय, दाढेला दुसरा

कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत खाजं चावताना माझी वरची डावी दाढ बोंबलली. तीन वर्षांपूर्वी जिचं रूट कॅनाल झालं होतं, नस काढून वर टोपी बसवली होती, तीच! बंद केलेल्या खात्यातून कुणी पैसे काढावेत, तसा मी हबकलो.

दुखऱ्या दाढेला गावात सल्लागार फुकट. शेजारचे तात्या म्हणाले, "काडून टाक मरे! बत्तीस दात आसत, एक गेलो तर काय झाला?"

हे कोण बोलतंय? ज्यांच्या हापूसच्या कलमाला खोडकिडा लागला, तेव्हा भोकात तार घालून ज्यांनी कीड ओढून काढली, औषधाचा बोळा कोंबला, वर चिखल लिंपला, ते! पुढच्या वर्षी पुन्हा भुसा दिसला. तात्यांनी कलम तोडलं का? छे! पुन्हा तार, पुन्हा बोळा.

माझ्या दाढेचंही नेमकं तेच झालं होतं, हो! एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली. नस नसली म्हणून काय झालं, टोकापलीकडचं हाड जिवंतच असतं आणि दुखतं ते तिथे. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन. पण पुढच्या, गालाकडच्या मुळात बहुतेक वेळा नळ्या दोन असतात. पहिल्या दंतवैद्यांनी तीन भरून हिशेब मिटवला, चौथीत जंतू बिनभाड्याने राहिले. नव्या डॉक्टरांनी टोपी उतरवली, जुना गुट्टा-पर्चा खरवडून काढला (तोही झाडाचाच चीक बरं का!), भिंगातून चौथी नळी शोधली, औषधाने धुतली. पक्कं भरणं व्हायचंय अजून.

आमच्या बँकेत बेरीज चुकली तर आम्ही खातेवही फाडत नाही, पुन्हा उघडतो. मूळच उभं चिरलं असेल तर दाढ काढावी, कबूल. पण त्याआधी जुना एक्स-रे मागा, कुठे चुकलं ते विचारा. तीन वर्षांपूर्वी मी विचारलं नाही. पैसे मात्र मोजून दिले. कॅशियर ना! आणि काढलेल्या दाढेची जागा मोकळी राहत नाही. शेजारची तिकडे कलते, समोरची खाली-वर सरकते.

हे सगळं तात्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "कितके घेतल्यान?"

मी आकडा सांगितला. तात्या न बोलता उठले आणि कलम बघायला गेले.