गाडीचं नाक वर, आमची बातमी चुकीची

पोस्ट लांबलचक आहे. वेळ असेल तरच वाचा. पण घरात विशीतला मुलगा असेल आणि दारात गाडी असेल, तर वेळ काढाच.

आधीच सांगून टाकतो : या प्रकरणातली गाडी माझ्या भाच्याची आहे. नंतर कुणी म्हणायला नको की पत्रकार घरचं झाकून बाहेरचं लिहितो.

गेल्या पंधरवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास गावाबाहेरच्या रस्त्यावर डेअरीवरून घरी परतणारे एक काका दुचाकीसह साइडपट्टीवरून खाली गेले. मनगट मोडलं. समोरून भाच्याची गाडी येत होती. धडक नाही, घासणं नाही. भाच्यानेच गाडी थांबवली, काकांना दवाखान्यात नेलं आणि मग मला फोन केला. ''मामा, शपथेवर सांगतो, चाळीसच्या वर नव्हतो.''

मी काय केलं? वीस वर्षांच्या सवयीने मनातल्या मनात बातमी लिहून मोकळा झालो. 'मॉडिफाय केलेल्या भरधाव कारमुळे दुचाकीस्वार जखमी.' हा 'भरधाव' शब्द आम्हा पत्रकारांच्या बोटांतच बसलेला असतो. अपघात म्हटला की तो आपोआप टाइप होतो.

सकाळी काकांना भेटायला गेलो. हाताला प्लास्टर. म्हणाले, ''पोरगं जोरात नव्हतं हो. पण डोळ्यांवर एकदम उजेड आला, मला रस्त्याची कडाच दिसेना.'' मी विचारलं, ''अपर लाइट होता का?'' भाचा सांगतो, लोअरवरच होता. सोबतची पोरंही तेच सांगतात. आता दोघंही खरं बोलत असतील, तर मग झालं काय?

गाडी छोटी हॅचबॅक आहे, पण पोराच्या लेखी ती स्पोर्ट्स कार. सहा महिन्यांपूर्वी जुन्या बाजारातून कडक स्प्रिंगांचा आणि चुड्यांच्या शॉकअॅब्सॉर्बरचा सेट आणून बसवला. या शॉकला आटे असतात. त्यावरची कॉलर फिरवली की गाडी वर-खाली होते. पहिल्यांदा चारही बाजूंनी खाली बसवली, फोटो काढले, स्टेटस ठेवलं. आठवड्याभरात आपल्या स्टँडसमोरच्या गतिरोधकावर पुढचा बंपर घासून फुटला. मग गॅरेजवाल्याला सांगून पुढच्या दोन्ही कॉलर वर घेतल्या. किती? तर 'दोन बोटं'. हो, हेच माप! मागची बाजू खालीच राहिली, कारण मागून गाडी 'भारी दिसते'.

मी टेप घेऊन बसलो. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजलं आणि तसल्याच एका मूळ गाडीशी ताडून पाहिलं. मागच्या बाजूच्या मानाने पुढची बाजू सुमारे ४ सेंटिमीटर वर निघाली. तुम्ही म्हणाल, चार सेंटिमीटरने काय होतंय? हिशोब करू. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर सुमारे अडीच मीटर. अडीच मीटरला ४ सेंटिमीटर, म्हणजे मीटरला १.६ सेंटिमीटर चढ. लोअर लाइटचा झोत साधारणपणे मीटरला १ सेंटिमीटर खाली झुकलेला ठेवतात, म्हणून तो साठ-सत्तर मीटरवर रस्त्याला टेकतो. इथे तो झुकाव संपला आणि झोत उलट वर निघाला. तो रस्त्याला टेकणारच नाही. त्यात मागच्या सीटवर तीन मित्र. मागची बाजू आणखी दबली, नाक आणखी वर. पन्नास-शंभर मीटरवरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या थेट तोंडावर उजेड. स्विच लोअरवर, पण काकांसाठी तो अपरच!

म्हणजे काका खरं बोलत होते आणि भाचाही. खोटी होती ती माझी बातमी. नशीब, ती छापली नव्हती.

आता स्प्रिंगविषयी थोडं, कारण गावात यावर ऐकीव ज्ञान फार आहे.

स्प्रिंग म्हणजे साधा हिशोब. एका स्प्रिंगवर ३०० किलो वजन येत असेल आणि ती मिलिमीटरला ३ किलो इतकी मऊ असेल, तर ती १०० मिलिमीटर दबते. त्याच लांबीची पण मिलिमीटरला ५ किलोची कडक स्प्रिंग टाकली, तर ती ६० मिलिमीटरच दबेल. म्हणजे नुसती कडक स्प्रिंग टाकली तर गाडी खाली जात नाही, उलट वर येते! म्हणून कडक स्प्रिंग मुळातच आखूड बनवतात किंवा तिची खालची बैठक सरकवता येईल अशी सोय देतात. थोडक्यात, स्प्रिंग बदलली की उंची नव्याने लावावीच लागते. ते जास्तीचं काम नाही, त्याच कामाचा अर्धा भाग आहे.

दुसरा गैरसमज : कॉलर आवळली की स्प्रिंग अजून कडक होते. नाही होत. साध्या सरळ स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यावर ठरतो. कॉलर फिरवून बहुतेक वेळा फक्त उंची बदलते. आणि तीही फुकट नाही. खाली घेतली तर खड्ड्यात शॉक लवकर रबरावर आपटतो. वर घेतली तर चाकाला खाली सुटायला जागा कमी उरते.

तिसरा आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ग्राइंडरने स्प्रिंग कापणं. वेढा कमी झाला की स्प्रिंग कडक होते हे खरं. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खाली सुटलं की स्प्रिंग जागेवरून हलू शकते. पाचशे रुपयांत होणारं हे काम कुणी करून देत असेल, तर हात जोडून परत फिरा.

योग्य पद्धत मला आपल्या गावात ट्रकचे पाटे भरणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींनी सांगितली. स्पोर्ट्स कार त्यांनी कधी हाताळली नसेल, पण तत्त्व एकच. सपाट जागा. टायरमध्ये बरोबर हवा. ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाएवढं पोतं. जॅकवरून उतरवल्यावर गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलायची, कारण लगेच मोजलं तर टायर अडकलेले असतात आणि माप खोटं येतं. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. मग चारही कोपरे मोजायचे, डावं-उजवं सारखं करायचं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, कारण उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. आणि सगळ्यात शेवटी, भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट. काही शे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा माप.

यातलं काय झालं भाच्याच्या गाडीत? काहीच नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. भाच्याला मी हे वाचून दाखवलं. मूळ स्प्रिंगा घरात पोत्यात बांधून ठेवल्या होत्या, त्या परत बसल्या. पोरगं दोन दिवस बोललं नाही माझ्याशी. काकांच्या औषधपाण्याचा खर्च मात्र स्वतःच्या पगारातून देतोय, हेही सांगतो.

पण सगळं पोरांवर ढकलून मी मोकळा होणार नाही. टेप हातात होतीच, म्हणून स्टँडसमोरचा तो गतिरोधकही मोजला. रुंदी जेमतेम एक मीटर, उंची १६ सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप काय आहे? गोलाईच्या गतिरोधकाला रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर, ज्यावरून ताशी २५ किलोमीटरने आरामात जाता यावं. वर रंगाचे पट्टे आणि आधी सूचनेचा फलक. आपल्याकडे पट्टेही नाहीत, फलकही नाही. साध्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्सच १६-१७ सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे कंपनीच्या मूळ उंचीची, घरातली चार माणसं बसलेली गाडीसुद्धा इथे घासते. गरोदर बाईला रिक्षातून नेताना काय होत असेल, ते तिलाच विचारा. पोर्शे ९११सारख्या गाडीला बटण दाबून नाक उचलायची सोय मिळते. आपल्या पोरांनी ती सोय पान्याने केली, आणि खाली करायला विसरली.

तर साखळी अशी आहे. पोराची हौस, गॅरेजचं 'दोन बोटं' माप, ठेकेदाराचा मनाला येईल तसला उंचवटा, नाक्यावर कागद आणि काचेची फिल्म बघून गाडी सोडणारी तपासणी. आणि शेवटी 'भरधाव' लिहून विषय संपवणारा मी. मनगट मात्र मोडलं त्या माणसाचं, ज्याचा यातल्या कशाशीच संबंध नव्हता.

माझ्या मागण्या साध्या आहेत. नगरपरिषदेने शहरातले सगळे गतिरोधक मोजून मापात आणावेत. मी सोमवारी अर्ज देतोय, सोबत यायचं त्यांनी सकाळी अकराला यावं. आरटीओने महिन्यातून एकदा हेडलाइट तपासणी शिबिर घ्यावं. एक भिंत आणि एक टेप, खर्च काही नाही. गॅरेजवाल्या भावांनो, सस्पेन्शनला हात लावलात तर चार कोपऱ्यांची उंची बिलावर लिहून द्या.

आणि मी? 'भरधाव' हा शब्द यापुढे वेगाची खात्री केल्याशिवाय लिहिणार नाही. लिहिला तर इथेच कान धरा.

तुमच्या भागातल्या गतिरोधकाचं माप टेपसह फोटो काढून खाली टाका. अंदाज नको, माप टाका. दोन बोटांच्या अंदाजाने काय होतं, ते आपण पाहिलं.