मृतांसाठी प्रार्थना करणे व्यर्थ आहे काय?

शुद्धिस्थानाचा उल्लेख बायबलात कोठेही नाही. पैसा गोळा करण्यासाठी मध्ययुगीन ख्रिस्तसभेने ही कल्पना रचली. आणि मृतांसाठी प्रार्थना करणे म्हणजे क्रूसावरील बलिदान अपुरे ठरविणे होय. हे तीन आक्षेप पाच शतके जुने आहेत. पूर्वी ते पंडितांच्या वादात ऐकू येत. आता ते आपल्या ओसरीवर येऊन बसले आहेत. घरात मृत्यू झालेला असतो, महिन्याच्या मिस्साची तयारी चाललेली असते आणि सांत्वनाच्या निमित्ताने आलेला एखादा प्रचारक हातात पत्रक ठेवून सांगतो, ‘‘ह्याचा काही उपयोग नाही. जो गेला त्याचा निकाल लागला.’’ शोकात बुडालेल्या पत्नीला वा आईला त्या क्षणी उत्तर सुचत नाही. तिच्या ओठांवरील प्रार्थना मात्र थबकते. म्हणून हा प्रश्न केवळ धर्मगुरूंवर सोपवून चालणार नाही. त्याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाला देता आले पाहिजे.

प्रथम ख्रिस्तसभा नेमके काय शिकविते ते पाहू, कारण पुष्कळदा आपण ज्याचा बचाव करतो ती शिकवण नसून तिचे विडंबन असते. परमेश्वराच्या कृपेत व मैत्रीत, परंतु पूर्ण शुद्ध न होता जे मरण पावतात, त्यांचे तारण निश्चित असते; मात्र स्वर्गीय आनंदात प्रवेश करण्यापूर्वी त्यांचे शुद्धीकरण होते, असे १९९२ सालच्या ‘कॅथलिक धर्मशिक्षण’ ग्रंथातील १०३० ते १०३२ ह्या परिच्छेदांत सांगितले आहे. म्हणजे शुद्धिस्थान ही स्वर्ग व नरक ह्यांच्यामधली तिसरी वस्ती नव्हे, की हुकलेल्यांना मिळणारी दुसरी संधी नव्हे. तेथे असलेला प्रत्येक आत्मा तारलेलाच आहे. फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४३९ मध्ये आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये दोनच गोष्टी ठामपणे मांडल्या: असे शुद्धीकरण आहे, आणि जिवंतांच्या प्रार्थनेने, विशेषतः मिस्साबलिदानाने, त्या आत्म्यांना साहाय्य होते. तेथील अग्नी कसा, कालावधी किती, जागा कोठे, ह्यांविषयी परिषदांनी कोणताही सिद्धान्त घालून दिला नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तर ४ ऑगस्ट १९९९ रोजीच्या आपल्या प्रबोधनात स्पष्ट केले की, शुद्धिस्थान म्हणजे स्थळ नव्हे, ती जीवाची अवस्था आहे.

आता पहिला आक्षेप. ‘शुद्धिस्थान’ हा शब्द बायबलात नाही, हे खरे. पण ‘त्रैक्य’ हा शब्द तरी कोठे आहे? शब्दाचा अभाव म्हणजे सत्याचा अभाव, हा न्याय लावला तर आक्षेपकांनाही आपला अर्धा विश्वासांगीकार पुसून टाकावा लागेल. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या अंगावर मूर्तिपूजेचे ताईत सापडल्यावर यहूदा मक्काबी दोन हजार द्राख्मा जमवून त्यांच्या पापांच्या प्रायश्चित्तासाठी यरुशलेमेस पाठवितो, आणि ग्रंथकार ह्या कृत्याची स्तुती करतो. आक्षेपक म्हणतील, हा ग्रंथ आम्ही प्रमाण मानत नाही. परंतु ३९३ मध्ये हिप्पो येथे व ३९७ मध्ये कार्थेज येथे भरलेल्या धर्मसभांच्या याद्यांत तो समाविष्ट आहे. म्हणजे ट्रेंटच्या आधी हजाराहून अधिक वर्षे. आणि घटकाभर तो केवळ इतिहास म्हणून वाचला, तरी ख्रिस्तजन्मापूर्वी यहुदी लोकांत मृतांसाठी प्रार्थना व अर्पण करणारे भाविक होते, एवढे तर त्याने सिद्ध होतेच.

नव्या करारात संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्त ह्या पायावर बांधणाऱ्यांविषयी बोलतात. कोणी सोन्याने बांधतो, कोणी गवतकाडीने. अग्नी प्रत्येकाच्या कामाची परीक्षा करतो. ज्याचे काम जळून जाते त्याचे नुकसान होते, तथापि तो स्वतः जणू अग्नीतून वाचविला जातो. ह्या एका उताऱ्यावर संपूर्ण शिकवण उभी आहे असा दावा मी करणार नाही. पौलांचा मुख्य रोख मंडळीची उभारणी करणाऱ्या सेवकांवर आहे. परंतु तारण निश्चित असूनही ज्वाळेतून जावे लागणारा मनुष्य पौलांना ठाऊक आहे, हे नाकारता येत नाही. प्रकटीकरणाचा एकविसावा अध्याय सांगतो की, स्वर्गीय नगरीत अशुद्ध असे काहीही शिरणार नाही. मग आपल्यापैकी बहुतेक जण, जे विश्वासात मरतात पण अहंकार, हेवा आणि जुनी वैरे उराशी धरून मरतात, ते त्या नगरीत कसे शिरणार? एक तर ते बाहेर राहणार, नाही तर त्यांना शुद्ध केले जाणार. तिसरा मार्ग आक्षेपकांनी दाखवावा.

दुसरा आक्षेप मध्ययुगाचा. फ्रेंच इतिहासकार झाक ल गॉफ ह्यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, ‘पुर्गातोरियुम’ हे लॅटिन नाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. ह्यावरून शिकवणच तेव्हा जन्मली असे म्हणणे म्हणजे बारशाच्या दिवशी मूल जन्मले असे म्हणण्यासारखे आहे. २०३ मध्ये कार्थेज येथे रक्तसाक्षी झालेली तरुण माता पर्पेतुआ हिने तुरुंगातून लिहून ठेवले की, सातव्या वर्षी वारलेला आपला भाऊ दिनोक्रातीस तिला दृष्टान्तात अंधारात तहानेने व्याकूळ दिसला. तिने त्याच्यासाठी अश्रू ढाळीत प्रार्थना केली आणि पुढील दृष्टान्तात तो पाणी पिऊन आनंदाने खेळताना दिसला. तर्तुलियन ह्याने इ. स. २११ च्या सुमारास मृतांच्या स्मृतिदिनी अर्पण करण्याच्या प्रथेचा उल्लेख केला आहे. ३८७ मध्ये ओस्तिया येथे मरणशय्येवर असलेल्या संत मोनिकांनी पुत्र ऑगस्टिनला सांगितले की, देह कोठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीजवळ माझे स्मरण करा. ह्या आफ्रिकन मातेला कोणत्या मध्ययुगीन पोपने फसविले होते? आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचे काय? अग्नीची कल्पना व आपले शब्द त्यांनी फ्लॉरेन्स येथे नाकारले. पण मृतांसाठी प्रार्थना करणे त्यांनी आजतागायत सोडलेले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, कारण तो ख्रिस्तप्रीतीच्या नावाने केला जातो. येशूच्या रक्ताने सर्व पाप धुतले जाते, मग आणखी शुद्धीकरण कशाला? उत्तर असे की, शुद्धीकरण हे त्याच रक्ताचे कार्य आहे. त्याला जोडलेली पुरवणी नव्हे. क्षमा मिळणे व मन बरे होणे ह्यांत अंतर असते. नाथान संदेष्टा दाविदाला सांगतो की, परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे. तरीही त्या पापाचे दुःखद परिणाम दाविदाला भोगावे लागतात. जक्कयाला येशू स्वतः भेटतो. पण जक्कय ज्यांना नाडले त्यांना चौपट परत देण्यास उठून उभा राहतो. क्रूसावरील चोराला त्याच दिवशी सुखलोक मिळाला, हे खरे. ज्याचे मन संपूर्ण पालटते त्याला काहीच उरत नाही, हीच तर आपली शिकवण! परंतु आपले प्रत्येकाचे मन त्या चोराइतके पालटले आहे, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

राहिला पैशाचा मुद्दा. येथे आक्षेपकांच्या हाती सत्याचा एक तुकडा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५१७ मध्ये जर्मनीत योहान टेट्झेल ‘इंडल्जन्स’, म्हणजे पापदंडातून मिळणारी सूट, पैसे घेऊन वाटीत होता. त्या पैशांतील काही भाग रोममधील संत पेत्राच्या महामंदिराच्या बांधकामासाठी, तर काही मेंझचे आर्चबिशप आल्ब्रेख्त ह्यांचे कर्ज फेडण्यासाठी होता. ल्यूथरने त्याविरुद्ध पंचाण्णव मुद्दे मांडले तेव्हा त्याने शुद्धिस्थान नाकारले नव्हते. नकार आला तो १५३० मध्ये. पोपपाशी आत्मे सोडविण्याचा अधिकार असेल तर प्रीतीपोटी ते सर्वांनाच का सोडवीत नाहीत, हा त्याचा प्रश्न आजही झोंबतो. ट्रेंट परिषदेने शुद्धिस्थानाचा पुरस्कार करतानाच धनलोभ व भोळ्या समजुती ह्यांना मनाई केली, आणि १५६७ मध्ये पोप पाचवे पायस ह्यांनी पैशांशी जोडलेल्या अशा सवलती रद्द केल्या. आजच्या धर्मविधीसंहितेचे ९४७ वे कलम मिस्साच्या दानात व्यापाराचा भासही नको, असे बजावते.

तरीही प्रश्न उरतो: व्यापार आपल्या मनातून गेला आहे काय? वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला मोठा मंडप घालायचा, गावजेवण घालायचे, आणि ज्या बांधावरून वडील सख्ख्या भावाशी बोलत नव्हते तो तंटा तसाच पुढे चालवायचा! त्यांनी घेतलेले हातउसने बुडवायचे, आणि मिस्साच्या यादीत त्यांचे नाव ठळक वाचले गेले की कर्तव्य संपले असे मानायचे! हे मृतासाठी केलेले साहाय्य नव्हे. प्रचारकाच्या पत्रकाहून अशा वागण्याने ह्या शिकवणीचे अधिक नुकसान होते. कारण तो तिला खोटी म्हणतो, आपण तिला पोकळ करतो.

वाचकहो, मृतांसाठी प्रार्थना करण्यामागे एकच विश्वास आहे: ख्रिस्ताच्या शरीराचे अवयव मृत्यूने तुटत नाहीत. जो काल माझ्यासाठी प्रार्थना करीत होता त्याच्यासाठी मी आज प्रार्थना करू शकतो. हा विश्वास कोणी पत्रकाने हिरावून घेऊ पाहील, तर त्याला नम्रपणे पण निःशंकपणे उत्तर द्या. मिस्सा अवश्य अर्पण करा. आणि वेदीकडे जाण्यापूर्वी मृताचे कर्ज फेडा, त्याने दुखावलेल्याच्या दारी त्याच्या वतीने क्षमा मागायला जा, त्याला ज्याने दुखावले त्याला क्षमा करा. जे त्याच्या हातून राहून गेले ते आपण प्रीतीने पुरे करावे, ह्याहून मोठे अर्पण आपल्या हाती नाही.