घर ज्याचे, करार दुसऱ्यांचा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदे अंगावर कोसळून मेली. सास्तूरपासून किल्लारीपर्यंतचा तो आक्रोश महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु त्यानंतरच्या पुनर्वसनात जो प्रश्न गाडला गेला, त्याची आठवण कुणी करून देत नाही. तो प्रश्न बांधकामाच्या कराराचा आहे.

५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत ४००, त्यापुढे ७५०! भूकंपाने लहानमोठ्यांस एकाच ढिगाऱ्याखाली समान केले. शासनाने मात्र सातबारा पाहून पुन्हा उतरंड रचली. आणि बांधकामाच्या करारावर सह्या कुणाच्या? एका बाजूस शासन वा देणगीदार संस्था, दुसऱ्या बाजूस कंत्राटदार. ज्याने त्या छपराखाली निजायचे, तो करारात कुठेच नाही. बिलावरून मतभेद झाल्यास कंत्राटदाराला लवादाची वाट मोकळी असते. भिंतीला तडा गेल्यास रहिवाशाला अर्जाखेरीज काय उरते?

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहबांधणी ही ग्राहक कायद्याखालील सेवा ठरविली. पण मोफत सेवा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर! म्हणजे पैसे मोजणारा तो ग्राहक, सर्वस्व गमावलेला तो केवळ लाभार्थी. शहरात सदनिका घेणाऱ्यास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने रचनेतील दोषांबद्दल पाच वर्षांचे संरक्षण दिले. पुनर्वसित गावातील विधवेला असे संरक्षण कोणत्या कलमाने दिले आहे?

यावर प्रतिष्ठितांचे उत्तर ठरलेले असते : धर्माची गाय आणि दात का नाय! परंतु ही गाय धर्माची नव्हतीच. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे कर्ज काढले होते, आणि सरकारी कर्ज फिटते ते जनतेच्या करांतून. शिवाय लोकांना व्यवहार कळत नाही म्हणावे, तर दुरुस्ती योजनेतील गावांत हप्ते घरमालकाच्या खात्यावर जमा झाले आणि त्याने स्वतः गवंडी लावून काम करून घेतले. अनुभव असा की, लोकांना कळते. त्यांना अधिकार दिला जात नाही.

विधिसेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या १२ व्या कलमात भूकंपग्रस्तांचा नावानिशी उल्लेख आहे. स्त्रिया, कामगार, अनुसूचित जाती-जमाती यांनाही मोफत वकिलाचा हक्क आहे. मात्र वकील मिळाला तरी भिंतीतील सिमेंट कोण तपासणार? तज्ज्ञाच्या अहवालाविना असा दावा लंगडाच. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या प्रत्येक घराच्या करारात रहिवाशाला दाद मागण्याचा हक्क लिहिला जावा. कंत्राटदाराचे अखेरचे देयक ग्रामसभेत मोजमाप पुस्तिका वाचल्यावरच चुकते व्हावे. आणि तालुका विधिसेवा समितीने वकिलाबरोबर अभियंताही द्यावा.

तोवर कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा कागदांच्या प्रतींपुरता नाही. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार तो देतो. उद्या धरणग्रस्तांची वसाहत उभी राहील, पूरग्रस्तांची घरे बांधली जातील. त्या वेळी पाया खणला जात असतानाच कराराची प्रत मागा, आणि ती चावडीवर मोठ्याने वाचा. तडा गेल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा या वाचनाची धास्ती कंत्राटदाराला अधिक वाटेल.