मर्जी कुणाची?

३१ मार्च १९२९ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर ईस्टरची मिरवणूक चालली होती. त्या गर्दीत काही तरुणींनी सिगरेटी बाहेर काढल्या आणि भर रस्त्यात पेटवल्या. बाईनं चारचौघांत सिगरेट ओढणं तेव्हा अमेरिकेतही निर्लज्जपणाचं मानलं जाई. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आलं, की मुलींनी स्वातंत्र्याची खूण म्हणून सिगरेट ओढली. अमेरिकेतल्या स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळून तेव्हा नऊच वर्षं झाली होती. त्यामुळे ही बातमी पुढच्या पावलाची वाटली असणार.

हे सगळं घडवून आणलं होतं एडवर्ड बर्नेज यानं. तो सिग्मंड फ्रॉइडचा भाचा, आणि त्याला पैसे देत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. लकी स्ट्राइक सिगरेटला बायकांचं गिऱ्हाईक हवं होतं. बर्नेजनं ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाला गाठलं आणि बायकांना सिगरेट म्हणजे काय वाटतं, असं विचारलं. या सिगरेटी म्हणजे स्वातंत्र्याच्या मशाली, असं ब्रिलनं सांगितलं. बर्नेजनं तेवढंच उचललं. मुली जमवल्या, वार्ताहरांच्या कानावर घातलं. कंपनीचं नाव मात्र कुठेही येऊ दिलं नाही.

त्या एका दुपारमुळे अमेरिकेतल्या बायका सिगरेट ओढू लागल्या, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. अनेकजणी आधीपासून ओढत होत्याच. पण त्या प्रसंगातून मला एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. बरोबरीनं जगायची त्या काळच्या स्त्रियांची इच्छा बर्नेजनं निर्माण केली नव्हती. ती शंभर टक्के त्यांची होती, मोर्चे आणि तुरुंगवास सोसून कमावलेली होती. त्यानं एवढंच केलं, की दुसऱ्यानं लावलेल्या, वाढवलेल्या झाडाला आपल्या दुकानाची पाटी ठोकली. माणसाला वश करणाऱ्याला त्याची इच्छाशक्ती मोडावी लागत नाही. उलट ती शाबूत असावी लागते, कारण आपण स्वतःहून करतोय या भावनेवरच त्याचा धंदा चालतो. १९२८ च्या ‘प्रोपगंडा’ या पुस्तकात बर्नेजनं हे लपवलेलंही नाही. लोकांच्या सवयी आणि मतं जाणीवपूर्वक वळवणं हे लोकशाहीतलं महत्त्वाचं काम आहे, असंच तो मानत होता. याच बर्नेजनं घरात मात्र आपल्या बायकोची सिगरेट सुटावी म्हणून धडपड केली, आणि उतारवयात तो धूम्रपानविरोधी मोहिमांत उतरला.

माझा भाचा कॉलेजात आहे. त्याच्या खिशात सुगंधी वेलचीच्या पुड्या असतात. मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, “मामा, जाहिरात बघून कोण खातं? मला आवडते म्हणून खातो.” तो खोटं बोलत नव्हता. त्याला ती आवडतेच. पण या वेलचीच्या मागे काय आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. २००३ च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या. २०१२ मध्ये महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतरही गुटख्याच्या पुडीचे तेच रंग, त्याच वळणाची अक्षरं आणि तोच रुबाब वेलचीच्या नावानं पडद्यावर येत राहिला, तोही सिनेमातल्या मोठमोठ्या नटांना घेऊन. इथे विकायची असते ती ओळख, वेलची हे निमित्त. बंदी असलेल्या मालाची अशी आडून केलेली जाहिरात केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालत नाही. तरी रस्त्यावरचे फलक बघा.

मर्जी मुळात आपली असते का, या वादात मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेटचा प्रयोग पुढे करतात. १९८३ मध्ये त्यानं दाखवलं, की मनगट हलवायचं ठरवल्याची जाणीव होण्याआधीच, सेकंदाच्या साधारण एकतृतीयांश भागाइतका वेळ आधी, मेंदूत हालचाल सुरू झालेली असते. त्यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला, की इच्छास्वातंत्र्य हा भास आहे. त्या प्रयोगाच्या अर्थाबद्दल पुढे बरेच मतभेद झाले. खुद्द लिबेट मात्र म्हणत राहिला, की सुरू झालेली कृती शेवटच्या क्षणी थांबवण्याची मुभा माणसाकडे उरते.

याच प्रश्नाला आपल्याकडे टिळकांनीही हात घातला होता. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं, त्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या विषयाला एक अख्खं प्रकरण दिलं. कर्माची साखळी त्यांनी नाकारली नाही. त्या साखळीतही माणसाच्या प्रयत्नाला जागा आहे, असं त्यांनी मांडलं. सहा वर्षांची शिक्षा भोगणारा माणूस हे लिहीत होता, म्हणून मला त्या प्रकरणाचं मोल अधिक वाटतं. बंधन म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

लिबेट म्हणतो ती थांबण्याची मुभा हीच माणसाची खरी मालमत्ता आहे, असं मी मानतो. आणि नेमकी तीच हिरावून घेण्यावर आज सगळी हुशारी खर्च होते. ‘ऑफर संपायला दहा मिनिटं’ असं मोबाईलवर उलटं धावणारं घड्याळ कशासाठी असतं? विचार करायला वेळ मिळू नये म्हणून. ग्राहकाला फसवणाऱ्या अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये त्यांना मनाई केली. खोटी घाई हा त्या यादीतलाच एक प्रकार.

कुणी म्हणेल, मग आई, मास्तर, कीर्तनकार हेही आपलं मन वळवतातच की. वळवतात, पण समोर उभे राहून. सिगरेटच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग आज इशाऱ्याच्या चित्रानं आणि मजकुरानं व्यापलेला असतो. तोही मन वळवण्याचाच प्रयत्न, पण हेतू पाकिटावरच छापलेला. त्या तरुणींच्या सिगरेटचं बिल कंपनी भरतेय, हे वार्ताहरांनी त्याच दिवशी छापलं असतं, तर ‘स्वातंत्र्याची मशाल’ संध्याकाळपर्यंतही टिकली नसती. हेतू उघड झाल्यावर जो प्रभाव उरत नाही, तो फसवणुकीचा, एवढी साधी कसोटी मला पुरते.

‘लोक स्वतःच्या मर्जीनं घेतात’ हा बचाव म्हणूनच मला संतापजनक वाटतो. मर्जीला आधी माहिती लागते, मग वेळ लागतो. दोन्ही काढून घ्यायचं आणि उरलेल्याला मर्जी म्हणायचं, हे मला मान्य नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा कायदा आपण केला तो मुलांना ही सवड मिळावी म्हणूनच. पडद्यावरच्या जाहिरातीला मात्र शंभर यार्डांची अट नाही. वेलचीच्या जाहिरातीतल्या नटानं हसण्याआधी सांगावं, की मला पैसे कोण देतंय आणि हेच नाव आणखी कुठल्या पुडीवर आहे. ते ऐकूनही माझ्या भाच्यानं पुडी फोडली, तर ती त्याची मर्जी, हे मी मान्य करीन.