समुद्रफेसावर चढणारा रंग

हिंदमाताच्या पुलाखालून परळकडे चालू लागलं की पंधरा-वीस मिनिटांत टाटा मेमोरियल रुग्णालय येतं. सकाळी या वाटेवर काही माणसं लगेच ओळखू येतात. रिपोर्टांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी, तोंडावर रुमाल, सोबत बायको नाहीतर मुलगा. कापडाच्या दुकानांची शटरं अजून वर गेलेली नसतात. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाहेरगावचे कर्करोगाचे रुग्ण उपचारांच्या काळात तिथं राहतात.

याच मुंबईत एखाद्या घरी काचेच्या कपाटात, मखमली अस्तराच्या डबीत एक पांढराशुभ्र पाइप असतो. इस्तंबूलच्या बाजारातून हौसेनं आणलेला. त्यावर फेटेवाल्या सुलतानाचा चेहरा कोरलेला, नाहीतर अंडं पकडलेला गरुडाचा पंजा. आणि एखाद्या रविवारी घरातल्या कुणाला तरी वाटतं, एकदा ओढून तर पाहू.

वस्तू देखणी आहे, यात वाद नाही. ती ज्या दगडातून कोरतात त्याला मीरशॉम म्हणतात, म्हणजे जर्मन भाषेत समुद्राचा फेस. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो मात्र वेगळा. ती माकुलाच्या पाठीतली हलकी, सच्छिद्र कांडी. योगायोग असा की या दगडाचं शास्त्रीय नाव सेपिओलाइट, आणि ते ग्रीक भाषेतल्या याच माकुलाच्या कांडीच्या नावावरून पडलं. हे मॅग्नेशियमचं खनिज. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या परिसरातला दगड सगळ्यात नावाजलेला. जमिनीतून काढताना तो ओला आणि इतका मऊ असतो की चाकूनं कोरता येतो. वाळला की पाण्यावर तरंगतो. कोरून झालेला पाइप कारागीर मधमाश्यांच्या मेणात बुडवून चकचकीत करतात. शेरलॉक होम्सच्या तोंडात आपण चित्रांत पाहतो तो बाकदार पाइप भोपळ्याचा, आणि त्याची वाटी बहुधा याच दगडाची. कॉनन डॉयलच्या कथांत तो नाही. ती नाटक-सिनेमाची देणगी.

ओढण्याचीही एक रीत आहे. तंबाखू तीन चिमटींत भरायची, खाली सैल, वर जरा दाबून. पहिल्या काडीनं वरचा थर नुसता करपतो. तो हलकेच दाबून दुसरी काडी लावायची. घाईनं झुरके मारले की जीभ पोळते. सवय नसलेल्याला थोड्याच वेळात गरगरतं, कपाळावर गार घाम येतो, पोटात ढवळतं. सुपारी लागते तशी तंबाखू लागते, असं आपल्याकडे म्हणतात. ही निकोटिनची विषबाधाच असते, सौम्य असली तरी.

खरा मुद्दा रंगाचा आहे. दगड सच्छिद्र असल्यानं धुरातलं डांबर त्यात मुरतं आणि मेणाबरोबर वर येतं. पांढरा पाइप आधी सायीच्या रंगाचा होतो, मग मधाच्या, पुढं काही वर्षांनी तपकिरी. शौकीन मंडळींत या रंगाला मोठा मान. असा पाइप हातात धरतानासुद्धा जपून धरतात, बोटांचे डाग पडू नयेत म्हणून. गावाकडच्या चिलमीच्या बुडाला ओल्या कापडाची छापी गुंडाळतात. तीही अशीच पिवळी-तपकिरी होते, पण ती कुणी मखमलीत ठेवत नाही. दोन्हीकडे रंग एकाच डांबराचा. तेच डांबर ओठावर, जिभेवर, गालाच्या आतल्या बाजूला बसतं. तिथं त्याचा मधाचा रंग दिसत नाही. बऱ्याचदा आधी दिसतो तो पांढरा चट्टा.

पाइपवाल्यांचे दोन दावे नेहमी ऐकू येतात. दगड धूर गाळतो, आणि झुरका छातीत घ्यायचा नसतो. दगड थोडं डांबर ठेवून घेतो, बाकीचं तोंडातच येतं. धूर तोंडात घोळवला तरी निकोटिन आतल्या नाजूक अस्तरातून रक्तात जातं. पाइप ओढणाऱ्यांत ओठाचा कर्करोग जास्त दिसतो, हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ सॉमरिंग यांनी 1795 मध्येच लिहून ठेवलं. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 1964 च्या अहवालानंही पाइप आणि ओठाचा कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध मान्य केला.

आणि तरीही पाइपला आपण शौक म्हणतो, मशेरीला व्यसन. हा भेद मनाला लागणारा आहे. लालबाग-परळच्या चाळींत तव्यावर तंबाखू भाजली की अख्ख्या गॅलरीला ठसका लागतो. ती काळी पूड बोटानं दातांना लावणाऱ्या बाईला डॉक्टरांपासून सुनेपर्यंत सगळे बोलतात. बोलावंच. 1990 च्या दशकात संशोधक डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मतदारयाद्या हाती घेऊन मुंबई शहरात घरोघरी पाहणी केली. पहिल्या टप्प्यातल्या 99,598 जणांपैकी 57.5 टक्के स्त्रिया आणि 69.3 टक्के पुरुष तंबाखू वापरत होते. स्त्रियांत जवळजवळ सगळा वापर बिनधुराच्या तंबाखूचा. पुढं याच अभ्यासातून कळलं की बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्यूचा धोका तंबाखू न वापरणाऱ्यांच्या 1.64 पट, तर सिगारेट ओढणाऱ्यांचा 1.37 पट होता.

पण श्रीमंत वस्त्यांतली संकुलं या पाहणीतून वगळावी लागली. तिथल्या सुरक्षाव्यवस्थेमुळं आत जाऊन विचारणं शक्य नव्हतं. चाळीचं दार उघडं होतं म्हणून तिथली मशेरी मोजली गेली. मखमली डबी ज्या दारांमागं असायची, ती बंदच राहिली.

कायद्यातही ही फट आहे. 2003 च्या तंबाखू कायद्याच्या यादीत पाइपची तंबाखू स्पष्ट नावानिशी आहे. 2016 पासून तंबाखूच्या पाकिटाच्या 85 टक्के भागावर चित्रासह इशारा छापावा लागतो. पाइप मात्र नुसतं भांडं ठरतो, म्हणून त्याच्या डबीवर एक अक्षर नाही. महाराष्ट्रानं 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आणली आणि ते योग्यच केलं. मग भेटवस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या पाइपच्या डबीवरही तोच इशारा छापायला लावणं सरकारला जड जाऊ नये.

तोवर कपाटातला तो सुलतान पांढराच राहू द्यावा. कोरीवकाम पाहायला काडी लावावी लागत नाही. ज्यांच्या पाइपवर मधाचा रंग चढला आहे, त्यांनी एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून गालाची आतली बाजू आणि जीभ पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर सरळ डॉक्टरांकडे जावं. आणि तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी, 1800-11-2356, पाइपवाल्यांसाठीही आहे.