वाड्यातली भूक

‘तुंबाड’ (2018) हा चित्रपट पाहताना मला हस्तर या राक्षसापेक्षा जास्त भीती वाटली ती बापलेकाची. विनायक आपल्या पोराला वाड्यातल्या विहिरीत कसं उतरायचं, पिठाचं रिंगण कसं आखायचं, कणकेची बाहुली कशी टाकायची हे शिकवतो, एखादा बाप मुलाला दुकानाचा गल्ला सांभाळायला शिकवेल तसं. सोहम शाहने विनायकाचा हा हावरेपणा कुठेही आक्रस्ताळा केलेला नाही. तो खांद्यांत, चालण्यात, बायकोकडे न बघण्यात आहे. अनिता दातेची बायको मोजकं बोलते, पण घर कसं आतून पोखरत चाललंय ते तिच्या चेहऱ्यावरून कळतं. मोहम्मद समदने तर लोभी पोरगा आणि साखळदंडात जखडलेली आजी अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. घराण्याची भूक एकाच देहातून दाखवणारी ही निवड फार मोठी आहे. आणि तो पाऊस! दिग्दर्शक राही अनिल बर्वे आणि छायालेखक पंकज कुमार यांनी अनेक पावसाळे थांबून खरा पाऊस टिपला, म्हणून तो ओला, कुबट अंधार अंगाला चिकटतो. पुन्हा कधी मोठ्या पडद्यावर लागला, तर चुकवू नका.