नूझालों, वूझाले

फ्रेंचमधलं 'जाणे' हे क्रियापद एकदा मोठ्यांदा म्हणून बघा. ज व्हे, त्यू व्हा, इल व्हा, नूझालों, वूझाले, इल व्हों. 'आम्ही जातो' ते नूझालों आणि 'तुम्ही जाता' ते वूझाले! मराठी कानाला वाटतं, काहीतरी होऊन गेलं. आणि इथे तर भविष्यकाळाची तयारी चाललेली असते. :-)

कारण याच रूपांपुढे दुसरं क्रियापद मूळ रूपात ठेवलं की झाला फ्रेंचांचा 'नजीकचा भविष्यकाळ'. ज व्हे मांजे, म्हणजे मी जेवणार आहे. नूझालों मांजे, आम्ही जेवणार आहोत. बदलतं ते फक्त 'जाणे', 'मांजे' जागचं हलत नाही.

माझी भाची नगरला (2024 पासून अहिल्यानगर, पण आमच्या घरात अजून नगरच) अकरावीत आहे. तिने मराठी सोडून फ्रेंच घेतलंय. का, तर मार्क मिळतात. 2020 च्या कायद्याने शाळेत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली, पण अकरावीला सुटका होते ना! तिची वही चाळली. नियम इंग्रजीत, उदाहरणं इंग्रजीत, आणि खाली एक ओळ: थोड्या वेळात घडणाऱ्या गोष्टीसाठी हा काळ वापरावा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी इंग्रजीच्या पुलावरून फ्रेंचला जातेय, आणि त्या पुलावरही तिचे पाय लटपटताहेत.

माझं म्हणणं असं की या पोरांना फ्रेंच मराठीतून शिकवावं. निदान हा काळ तरी. कसं ते सांगते.

'येणार' घ्या. मी येणार आहे, तू येणार आहेस, आम्ही येणार आहोत, ते येणार आहेत. बदलतं काय? फक्त 'आहे'. 'येणार' ढिम्म! बाई, बाप्या, एक, अनेक, कोणी का असेना. फ्रेंचमध्येही एक हलणारं आणि एक न हलणारं, एवढंच तर आहे. आपण 'आहे' लावतो, ते 'जाणे' लावतात. हे एकदा दाखवलं की तक्ता पाठ करायचं अर्धं ओझं उतरतं. आणि 'व्हे' नि 'आलों' एकाच क्रियापदाची कशी, असं कोणी विचारलं तर त्याला म्हणावं, 'जातो' नि 'गेलो' एकाच क्रियापदाची कशी रे बाबा? आपलं 'जा' संस्कृतच्या 'या'मधून आलं आणि 'गेला' हे 'गत'मधून. दोन घरची भांडी एका मांडणीवर.

पण खरी गंमत अर्थात आहे. वहीतलं ते 'थोड्या वेळात' मला पटत नाही. फ्रेंच माणूस पाच वर्षांनंतरच्या गोष्टीलाही हा काळ वापरतो, जर तिची मुळं आज दिसत असतील तर. आभाळ भरून आलं की 'इल व्हा प्लव्वार', पाऊस पडणार आहे. नुसता अंदाज असेल तर साधा भविष्यकाळही चालतो, पडेल.

हा फरक नगर जिल्ह्यातल्या पोराला शिकवायला लागतो? सह्याद्रीच्या आडोशाचा मुलूख हा. अकोले तालुक्यात रतनवाडी-घाटघरला धो धो, आणि तिकडे पाथर्डी-जामखेडला माणसं वर बघत बसलेली. 'येईल हो पाऊस' हे कोण कधी म्हणतं आणि 'पाऊस येणार आहे, वाळवण काढा' हे कधी, ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि अगदीच दारात आला की आपण सरळ भूतकाळात शिरतो. 'आला, आला पाऊस!' अजून थेंब नसतो हं अंगणात. पुण्याहून निघालेला माणूस सुप्याच्या आसपास असतो आणि फोनवर सांगतो, 'माळीवाड्यात पोचलोच!' फ्रेंच लोक अशा वेळी 'जारीव्ह' म्हणतात, शब्दशः 'पोचतो'. आपण त्यांच्याही एक पाऊल पुढे.

'णार'मध्ये घड्याळ नसतं याचा आणखी मोठा पुरावा हवा तर निळवंडे धरण घ्या. मंजुरी 1970 ची. अकोले, संगमनेर, राहाता, राहुरीकडच्या दोन पिढ्या 'पाणी येणार आहे' म्हणत म्हाताऱ्या झाल्या. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं ते ऑक्टोबर 2023 मध्ये. या त्रेपन्न वर्षांत लोकांनी 'णार' सोडला नाही. भिंत उभी राहताना दिसत होती ना! फ्रेंचमध्येही इथे 'व्हा'च शोभला असता.

(जाता जाता: नगरला फ्रेंच नवं नाही. 1942 नंतर भुईकोट किल्ल्यात नेहरूंबरोबर कैदेत असलेले आचार्य नरेंद्र देव फ्रेंच जाणणारे होते. 'अभिधर्मकोश' हा बौद्ध ग्रंथ त्यांनी पूसँ यांच्या फ्रेंच भाषांतरावरून हिंदीत आणला. मार्कांसाठी नव्हे!)

एका ठिकाणी मात्र मराठी मूल अडणार. 'ज व्हे पार्तीर', शब्दशः 'मी निघायला जातो'. आपल्याकडे उंबऱ्यावर 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. भाचीला हे वाक्य मराठीत करायला सांगितलं. तिने दोन मिनिटं पेन चावलं आणि लिहिलं, 'येते मी.' मी तिला पूर्ण मार्क दिले. परीक्षेत किती मिळतील, कोण जाणे.